दुसऱ्याचं घर पिशवीत

घराचं कर्ज एका बँकेतून उचलून दुसऱ्या बँकेत न्यायचं, हे चष्मेवाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ते खूळ त्यांच्या मेव्हण्याचं. एका रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला, पोटभर जेवला आणि हात पुसता पुसता म्हणाला, "भावोजी, तुम्ही अजून त्या जुन्या बँकेला जुन्याच दराने व्याज देताय? अहो, लोक हसतील."

लोक हसतील याची चष्मेवाल्यांना काही भीती नव्हती. बावीस वर्षं बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि आरशासमोर भलती फ्रेम घालून बसलेल्या माणसांना पोट धरून हसणारे नातेवाईक ते रोज बघत होते. पण त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. व्याजाचा दर म्हटलं की तिचे कान टवकारायचे. तिने ताटं बाजूला सारली, पेन्सिल घेतली आणि पाच मिनिटांत निकाल दिला.

"अहो, हा म्हणतो ते खरंय. अकरा वर्षं उरलीत ती नवावर येतील."

"आणि डोक्याचा ताप किती वर्षांवर येईल?"

"ताप कसला भावोजी," मेव्हणा म्हणाला, "एक कागद लागत नाही. घरबसल्या सगळं फोनवर. एका बोटाचं काम."

त्या एका बोटाने पुढचे आठ दिवस चष्मेवाल्यांच्या नाकी नऊ आणले. नवी बँक म्हणजे फोनमधलं एक ॲप. तिला दार नव्हतं, काउंटर नव्हता, पाणी प्यायला ग्लास नव्हता. पगाराच्या पावत्या, दुकानाचा परवाना, कराच्या पावत्या, सगळ्यांचे फोटो काढून वर चढवायचे. बायको फोटो काढायची, चष्मेवाले कागद धरायचे. ॲप म्हणायचं, अंगठा दिसतो आहे, पुन्हा प्रयत्न करा. अंगठा काढला तर कागद वाकायचा. मग ॲप म्हणायचं, अक्षरे अस्पष्ट आहेत. शेवटी बायकोने कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार डाळीचे डबे ठेवले, तेव्हा कुठे त्या ॲपचं समाधान झालं.

चेहरा दाखवायची पाळी आली तेव्हा तर कहरच झाला. समोर बघा, डावीकडे बघा, पापणी लववा. दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगणारे चष्मेवाले मोठ्या आत्मविश्वासाने बसले. ॲपने सांगितलं, काचेवर उजेड चमकतो आहे, चष्मा काढा. त्यांनी चष्मा काढला. पुढची सूचना त्यांना वाचताच येईना.

"काय लिहिलंय गं?"

"बोलू नका म्हणून लिहिलंय. आता पहिल्यापासून करा."

पण झालं एकदाचं. कर्ज मंजूर झालं, नव्या बँकेने जुन्या बँकेचे पैसे चुकते केले आणि एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता फोन वाजला. अभिनंदन! आपले जुने कर्ज फेडले गेले आहे. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: आपल्या घराची मूळ कागदपत्रे जुन्या बँकेकडून घेऊन पंधरा दिवसांत जमा करावीत, अन्यथा व्याजाचा दर वाढविण्यात येईल.

चष्मेवाल्यांनी तिथूनच मेव्हण्याला फोन लावला. "एक कागद लागत नाही म्हणालास ना?"

"नवा कागद लागत नाही भावोजी. जुना तर लागणारच! जुन्याशिवाय नवं कसं होईल?"

चष्मेवाल्यांना हे पटलं नाही, आणि नेमकं काय पटलं नाही तेही सांगता येईना. त्यांनी फोन खिशात टाकला.

जुन्या बँकेत ते गुरुवारी गेले. तिथे सगळं होतं तसंच होतं. तोच पंखा, तेच गुळगुळीत झालेलं बाकडं. सोळा वर्षांपूर्वी याच बाकड्यावर बसून दोघांनी घराचं खरेदीखत गहाण ठेवलं होतं. काउंटरवर बसलेले एकुलते कारकून मात्र नवे होते, म्हणजे चष्मेवाल्यांना नवे. त्यांचेही आता निवृत्तीचे दिवस जवळ आलेले दिसत होते. त्यांनी शहराबाहेरच्या गोदामातून आलेलं जाडजूड तपकिरी पाकीट समोर ठेवलं, त्यावरच्या काळ्या पट्ट्यांवर लाल उजेड मारला, यंत्र टुंइं करून ओरडलं. मग कारकुनांनी एक छोटी काच पुढे सरकवली.

"बोटाने सही करा."

चष्मेवाल्यांनी केली. कोंबडीने पाय ओढल्यासारखी सही उमटली. कारकुनांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाकीट हातात आलं. चष्मेवाल्यांनी तिथेच उभ्या उभ्या सील फोडलं, कागद बाहेर काढले आणि पहिलं पान वाचलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"साहेब, हे माझं नाही."

"असं कसं? नंबर तुमचाच आहे." कारकुनांनी पाकिटावर बोट ठेवलं. शेवटचे आकडे अठ्ठेचाळीस. बरोबर होते.

"पाकीट माझंच आहे. आतलं घर दुसऱ्याचं आहे. हे बघा, कुणा बाईंचं नाव आहे. पत्ता तलावापलीकडचा."

कारकुनांनी कागद न घेताच आपला पडदा त्यांच्याकडे फिरवला. "इथे बघा. हे कुणाचं?"

पडद्यावर चष्मेवाल्यांचं खरेदीखत होतं. त्यांचं नाव, बायकोचं नाव, दोघांच्या सह्या, बायकोच्या सहीखालची ती लांबलचक शेपटी. पानामागून पान, बेचाळीस पानं, स्वच्छ आणि सरळ.

"माझंच," चष्मेवाले म्हणाले.

"मग झालं तर!"

"अहो पण ते तिथे आहे. माझ्या हातात हे आहे!"

इथे कारकुनांनी पहिल्यांदा कागद हातात घेतले. उलटून पाहिले. मागच्या बाजूला कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने आकडे लिहिले होते. शेवटी चौऱ्याऐंशी. त्यांनी ते पाकिटावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "सात वर्षांपूर्वी सगळी पाकिटं स्कॅन करायला बाहेर पाठवली होती. परत भरताना अठ्ठेचाळीसचं चौऱ्याऐंशीत आणि चौऱ्याऐंशीचं अठ्ठेचाळीसमध्ये गेलं असणार."

"मग चौऱ्याऐंशीचं पाकीट आणा ना."

कारकुनांनी टकटक केलं. "ते खातं बंद झालंय. बाईंनी कर्ज फेडलं आणि पाच वर्षांपूर्वी पाकीट नेलं."

"कोण बाई? कुठे राहतात?"

"ते सांगता येणार नाही. खातेदाराची माहिती गोपनीय असते."

"साहेब," चष्मेवाले कळवळून म्हणाले, "त्यांचं नाव, पत्ता, वडिलांचं नाव, घराला खोल्या किती, सगळं माझ्या हातात आहे!"

"ते तुमच्याकडे आहे. मी दिलेलं नाही," असं म्हणून कारकुनांनी तक्रार नोंदवून घेतली. उत्तर यायला एकवीस कामाचे दिवस लागतील म्हणाले. नव्या बँकेची मुदत पंधरा दिवसांची, त्यातले चार सरले होते. चष्मेवाल्यांनी ते कागद काउंटरवर ठेवले आणि निघाले, तर कारकुनांनी हाक मारली.

"हे घेऊन जा."

"माझे नाहीत ते."

"पण तुम्ही घेतल्याची सही केलीत. सिस्टीममध्ये पाकीट तुम्हाला दिलेलं आहे. आता मी ते ठेवून घेतलं तर कुठे दाखवू? माझ्याकडे त्याला जागाच नाही."

आणि कारकून खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की या माणसालाही हे त्रांगडं नको होतं. चष्मेवाल्यांनी कागद पाकिटात घातले, पाकीट पिशवीत घातलं आणि एका अनोळखी बाईंचं घर काखेला मारून ते चालत निघाले. वाटेत त्यांनी पिशवी दोनदा उघडून बघितली. हरवली तर? आपलं घर हरवलंच होतं, आता दुसऱ्याचंही हरवायचं का?

बायको शाळेतून आली तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाकीट पुढ्यात घेऊन बसले होते. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "पण स्कॅन बरोबर आहे ना? मग आपलं घर आपलंच आहे."

"आणि हा कागद?"

"तो त्या बाईंचा."

"म्हणजे आपल्या घराचा कागद त्यांच्याकडे. मग आपलं घर त्यांचं का आपलं?"

"आपलंच हो. असं काय करताय!"

"खरं कुठलं धरायचं गं? पडद्यावरचं का कागदावरचं?"

"दोन्ही."

"दोन्ही खरी असतील तर मी का पळतोय?"

 बायकोने चहाचं आधण ठेवलं. चष्मेवाल्यांनी तोवर नव्या बँकेच्या ॲपमध्ये मदतनीस म्हणून जो चौकोन होता, त्यात एका बोटाने लिहिलं: माझ्या पाकिटात दुसऱ्याचे घर आले आहे. क्षणात उत्तर आलं. दुसरे घर घेतल्याबद्दल अभिनंदन! आपल्याला दुसऱ्या घरासाठी कर्ज हवे आहे का?

बायको इतकी हसली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. चष्मेवाल्यांना हसू आलं नाही. त्यांनी 'नको' लिहिलं. मग भीती वाटून पुन्हा एकदा 'नको' लिहिलं.

"पत्ता आहे ना?" हसू आवरल्यावर ती म्हणाली. "मग जाऊन या की. त्या बाई काय खातायत तुम्हाला?"

शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद करून ते तलावापलीकडे गेले. खरेदीखतातली इमारत सापडली. दुसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं दार. दाराबाहेर ओले झालेले रबरी चपलांचे दोन जोड उलटे करून ठेवले होते. त्यांनी घंटी वाजवली. दार साखळीएवढं उघडलं आणि फटीतून एक पिकल्या केसांच्या, ताठ मानेच्या बाई दिसल्या. खांदे मात्र एखाद्या पैलवानासारखे.

"कोण?"

चष्मेवाल्यांनी वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "बाई, मी बँकेच्या कागदांसाठी आलोय. तुमच्या घराची मूळ कागदपत्रं…"

"चालते व्हा."

"नाही, ऐका तरी. तुमच्याकडे एक पाकीट आहे…"

"मला आठवड्यातून तीन फोन येतात. कुणी बँकेतून बोलतो, कुणी पोलिसांतून. नंबर सांगा, कागद दाखवा. माझ्या भाचीने बजावलंय, कागद मागायला आलेल्याला दारातूनच परत पाठवायचं. आता तर घरी यायला लागले! लाज वाटत नाही या वयात?"

दार लागलं. चष्मेवाले बंद दारापुढे उभे राहिले. त्यांना खरोखरच लाज वाटली, कशाची ते कळलं नाही. परत फिरावं म्हणून ते दोन पायऱ्या उतरलेही. मग त्यांनी पिशवीतून पहिलं पान काढलं आणि दारासमोर बसून ते खालच्या फटीतून आत सरकवलं. अर्धंच. अर्धं त्यांनी आपल्या बोटात पकडून ठेवलं.

आतून कुणीतरी ते ओढलं. त्यांनी सोडलं नाही.

"सोडा," आतून आवाज आला.

"सोडत नाही. नुसतं वाचा."

आतली ओढ थांबली. मग साखळी निघाल्याचा आवाज झाला.

बाई चाळीस वर्षं पोहायला शिकवत होत्या. तलावाच्या संस्थेत अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं, आणि अजूनही सकाळी जाऊन येत. घर लहान, लख्ख आणि कोरडं होतं. त्यांनी चष्मेवाल्यांना खुर्ची दिली नाही. स्वतः उभ्या राहिल्या आणि ते पान डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचू लागल्या.

"ही माझी सही आहे."

"हो."

"माझ्या घराचं खरेदीखत तुमच्याकडे कसं?"

चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता अठ्ठेचाळीस आणि चौऱ्याऐंशी यात त्यांची स्वतःचीच गल्लत झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बाई मध्येच म्हणाल्या, "पण माझं पाकीट कपाटात आहे. सीलबंद. मी स्वतः आणलंय."

"उघडून बघितलंत?"

"कशाला बघू? बँकेने दिलं, मी ठेवलं." त्या थांबल्या.  "म्हणजे पाच वर्षं मी…"

त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. पाकीट घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. उघडलं तर खरंच निघायचं, म्हणून त्यांना ते उघडवत नव्हतं. शेवटी कात्रीने एक बाजू कापली.

वरच चष्मेवाल्यांचं नाव होतं. चष्मेवाल्यांनी नकळत हात पुढे केला आणि बाईंनी नकळत पाकीट छातीशी धरलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी या पाकिटासाठी सही करून दिलीय. हे तुम्हाला दिलं आणि उद्या बँकेने विचारलं, तर मी काय दाखवू?"

"तुमचं तुम्हाला मिळतंय की!"

"ते खरं कशावरून? तुम्ही रंगीत झेरॉक्स आणली असली तर?"

"मग तुमच्याकडचीही झेरॉक्स असू शकते," चष्मेवाले म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, खरंच असली तर? खरा कागद आणि खोटा कागद ओळखायचा कसा, हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दोघांनी आपापले गठ्ठे खिडकीशी नेऊन उजेडात धरले. शिक्का फुगीर लागतो का म्हणून बोटं फिरवली. चष्मेवाल्यांच्या खिशात कायम एक भिंग असायचं. ते त्यांनी बाईंना दिलं. बाईंनी शाई पाहिली, टाचणीची भोकं पाहिली आणि शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला.

"काय झालं?"

"साक्षीदार म्हणून बहिणीची सही आहे. विसरलेच होते मी." भिंग त्यांनी तिथेच धरून ठेवलं. "कायम घाईत असायची. अर्धं नाव लिहून उठायची. बघा, इथेही अर्धंच लिहिलंय. आता भाचीला दाखवते."

त्यानंतर बाईंनी खुर्ची दिली. वहीतलं एक पान फाडून त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, की आज आम्ही दोघांनी एकमेकांच्या घराची कागदपत्रं एकमेकांना परत केली, पानं मोजून, अमुक इतकी. चष्मेवाले म्हणाले, फोटोही काढून ठेवू. बाई म्हणाल्या, फोटोचं काय खरं, पाणी लागलं की गेला. चष्मेवाले म्हणाले, पाणी लागलं की कागदही जातो. बाईंनी यावर जरा विचार केला, आणि मग दोन्ही झालं. एकाच पानाच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या, वर फोटोही. मग टेबलाच्या दोन बाजूंनी दोघांनी एकदमच गठ्ठे पुढे सरकवले. आधी कुणीच सोडेना. बाईंनी "एक, दोन, तीन" म्हटलं, पोहायला उडी मारायला सांगावं तसं, तेव्हा दोघांचे हात सुटले.

घरी आल्यावर बायकोने दार उघडताच विचारलं, "मिळालं?" चष्मेवाल्यांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि बूट न काढताच बसले.

संध्याकाळी दोघांनी ते खरेदीखत पहिल्यांदा वाचलं. सोळा वर्षं त्यांनी ज्याचे हप्ते भरले तो कागद त्यांनी कधी वाचलाच नव्हता. सह्या केल्या त्या दिवशी मुलीला ताप होता, तिला शेजारी ठेवून आले होते, दहा मिनिटांत जिथे बोट दाखवलं तिथे नाव लिहून दोघं पळाले होते. आता बायको मोठ्याने वाचत होती आणि चष्मेवाले ऐकत होते.

"दक्षिणेस मोकळी जागा," तिने वाचलं.

दोघांनी दक्षिणेच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत समोरच्या सात मजली इमारतीची भिंत होती, आणि तिच्यावर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी.

"म्हणजे कागद खोटा?" चष्मेवाले म्हणाले.

"तेव्हा खरा होता."

"आणि स्कॅन?"

"स्कॅन कागदासारखाच. तोही तेव्हाच खरा." तिने पान उलटलं. "तुम्ही आता झोपायच्या आधी असले प्रश्न विचारू नका बाई. मला उद्या पेपर तपासायचेत."

सोमवारी ते नव्या बँकेत गेले. बँकेला दार नव्हतं खरं, पण कागद जमा करायला एक जागा निघाली. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, पाटी नसलेली खोली. आत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर छतापर्यंत पाकिटं, आणि मधोमध टेबलाशी अंगठ्यावर रबरी टोपी चढवलेल्या एक मध्यमवयीन बाई. चष्मेवाल्यांना ते सगळं बघून फार बरं वाटलं. मग त्यांना वाटलं, ही सगळी ॲपमधल्या लोकांची पाकिटं? एक कागद लागत नाही म्हणाला मेव्हणा, ते हेच?

पाकीटवाल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "सील फुटलंय."

"मी फोडलं. आत दुसऱ्याचं घर निघालं म्हणून…"

"दुसऱ्याचं?" त्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

चष्मेवाल्यांना कळलं की आपण जरुरीपेक्षा जास्त बोललो. पण आता सांगणं भाग होतं. ते सांगत गेले, पाकीटवाल्या बाई ऐकत गेल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "माझा तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही. पण सील फुटलेलं असलं तर जुन्या बँकेचं पत्र लागतं, की हीच कागदपत्रं त्यांनी तुम्हाला दिली."

"पण त्यांनी ही दिलीच नाहीत! पोहायच्या बाईंनी दिली."

"मग त्यांचं पत्र कसं चालेल? त्या बँक थोड्याच आहेत?"

चष्मेवाले पुन्हा जुन्या बँकेत गेले. काउंटरवर तेच कारकून होते. त्यांनी चष्मेवाल्यांना ओळखलं आणि ओळखल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, कागद मिळाले. आता फक्त पत्र द्या, की तुम्ही मला माझे मूळ कागद दिलेत."

"कसं देऊ? मी तर दुसऱ्याचे दिले होते."

"अहो, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, सिस्टीममध्ये दिलेले आहेत म्हणून!"

कारकुनांनी पडद्याकडे बघितलं, चष्मेवाल्यांकडे बघितलं, मग टकटक करून एक कागद छापला. मूळ खरेदीखत, पाने बेचाळीस, खातेदारास सुपूर्द. तारीख गुरुवारची. त्यांनी त्यावर गोल शिक्का मारला, सही केली आणि म्हणाले, "हे पत्र नाही, आमच्या नोंदीची प्रत आहे. चालली तर बघा."

ती नोंद गुरुवारी झाली तेव्हा धडधडीत खोटी होती, आणि आज सोमवारी खरी झाली होती. चष्मेवाल्यांनी यावर विचार करायचं कटाक्षाने टाळलं. जिन्यात गेल्यावर त्यांना आठवलं, की ती तक्रार तशीच आहे. ते परत वर आले.

"तक्रार मागे घ्यायचीय."

"ती ॲपवरून घ्यावी लागेल."

"कुठल्या ॲपवरून? तुमचं ॲप माझ्याकडे नाही."

"खातं बंद झालं की ॲप चालतही नाही," कारकून म्हणाले आणि ओशाळं हसले. "राहू दे. उत्तर आलं तर आलं."

पाकीटवाल्या बाईंनी ती नोंद चालवून घेतली. मग त्या ओल्या स्पंजाला बोट लावून एक एक पान मोजत गेल्या. बेचाळीस निघाली. त्यांनी पुन्हा मोजली. प्रत्येक पानाचा स्कॅन काढला, कागद नव्या पाकिटात घातले, नवं सील लावलं, नव्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या. चष्मेवाले त्यांच्या हातांवरून नजर हलू देत नव्हते. सील लागण्याआधी त्यांनी शेवटचं विचारलं, "आत माझेच गेले ना? बघितलंत ना तुम्ही?"

"तुमच्यासमोरच घातले की."

"हो, घातलेत खरे." त्यांनी बघितलं होतं. तरीही त्यांना ते पुन्हा बघावंसं वाटत होतं.

छापील पावती मिळाली. ती घडी करून खिशात घातली आणि ते रस्त्यावर आले, तोच फोन वाजला. आपल्या घराची मूळ कागदपत्रे अद्याप मिळालेली नाहीत. सात दिवस शिल्लक. चष्मेवाले चार मजले परत चढले.

पाकीटवाल्या बाईंनी संदेश वाचला. "हे आपोआप येतं. इकडची नोंद तिकडे पोचायला वेळ लागतो. दुर्लक्ष करा."

"किती वेळ?"

"ते मलाही सांगत नाहीत हो," त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात नव्या हप्त्यांचा तक्ता आला, त्यात नऊच वर्षं उरली होती. बायकोने काढली होती तेवढीच, बरोब्बर. मेव्हण्याने फोन करून विचारलं, "बघा, म्हणालो नव्हतो?" आणि चष्मेवाल्यांनी तो फोन बायकोकडे दिला. व्याजाचा दर वाढवल्याचा संदेश काही आला नाही. पण कागद मिळाले नसल्याचा संदेश मात्र दर सोमवारी सकाळी येत राहिला. आधी सात दिवस शिल्लक होते, मग शून्य झाले, आणि मग उणे सात. उणे दिवस म्हणजे काय, असं त्यांनी बायकोला विचारलं. तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

असाच एक संदेश वाचत ते दुकानात उभे असताना तलावापलीकडच्या बाईंचा फोन आला. भाचीने सगळं ऐकलं होतं आणि कपाळाला हात लावला होता. अनोळखी माणसाला घरात कसं घेतलंस म्हणून बोलणीही बसली होती. जुन्या बँकेतून बाईंना पत्र आलं होतं: आपल्या कागदपत्रांविषयी एक तक्रार आली असून चौकशी चालू आहे.

"मी काय करू त्याचं?" बाईंनी विचारलं.

"ठेवून द्या," चष्मेवाले म्हणाले. "वाचून ठेवा मात्र."

"आणि तुमचं झालं का शेवटी?"

चष्मेवाल्यांनी खिशातली पावती चाचपली, कानाचा फोन जरा दूर धरून त्याच्या पडद्याकडे बघितलं. "कागद म्हणतो झालं. फोन म्हणतो नाही."

"मग तुम्ही काय म्हणता?"

समोर स्टुलावर एक आजोबा हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, भिंतीवरची अक्षरं वाचायला कधीचे तयार बसले होते.

"बाई, मी काहीच म्हणत नाही," चष्मेवाले म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय. मी नंतर फोन करतो."